गोळी जाते कुठे?

दात घासता घासता ऋजुताने दंडावरच्या अवटूपट्टीकडे पाहिलं. पट्टी आजही पिवळीच, म्हणजे स्राव कमीच. गळ्यातल्या अवटू ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, स्राव रक्तात किती आहे हे ती केसाहून बारीक सुयांनी कातडीखालून टिपायची. मिरजेत आता प्रत्येक गरोदर बाईला ती पहिल्या तपासणीलाच लावत. ऋजुता धास्तावली होती. मागच्या खेपेला हा स्राव कमी पडतोय हे कळलं, तेव्हा गर्भ गेलेला होता. सुरुवातीला बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याचा मेंदू घडतो तो आईच्या स्रावावर.

डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवला, पुन्हा वाढवला. पट्टीचा रंग बदलेना.

"गोळी चुकवतेस का गं?"

"देवाशप्पथ नाही, मॅडम! आई स्वतः हातावर ठेवतात."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, विजयाताईंनी, जोरात मान हलवली.

ते खरंच होतं. गोळीतला मिठाच्या कणाएवढा इलेक्ट्रॉनिक दूत पोटात पोचल्याची वर्दी पट्टीला रोज देत होता. डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही नोंदी शेजारी लावल्या. गोळी पोटात पोचत होती, रक्तात मात्र जेमतेम उतरत होती.

"गोळी घेतेस कशाबरोबर?"

उत्तर विजयाताईंनी दिलं, तेही अभिमानानं. "दुधाबरोबर! पेलाभर म्हशीचं. नुसत्या पाण्यावर उष्ण पडंल की पोरीला. कॅल्शियमची गोळीपण तेव्हाच देते."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही, एवढंच. "अहो, कॅल्शियम त्या गोळीला पोटातच अडवून धरतं. दुधातलंसुद्धा. गोळी उपाशीपोटी, पाण्यानं. दूध तासाभरानं आणि कॅल्शियम दुपारी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! विजयाताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे बाळाच्या तोंडचा घास मीच काढला?"

"वेळेत कळलंय," डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या काही आठवड्यांत पट्टी हिरवीगार झाली, उलट वाढवलेला डोस उतरवावा लागला. डोहाळजेवणाला ओटी भरायला आलेल्या एकेका सुनेला विजयाताईंनी गाठलं. "थायरॉइडची गोळी घेतीस? कशाबरोबर?" बायका हसल्या. हसू देत बापड्या.

मुलगी झाली ती दवाखाना डोक्यावर घेतच. बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबानं सांगितलं, ग्रंथी ठणठणीत. ऋजुता हसता हसता रडली. या खेपेला ती जिंकली होती.

विजयाताई नातीला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "तिकडं जतकडं, माझ्या माहेरी, ही पट्टी अजून पोचली नाही. ती येईस्तोवर मीच घरोघरी विचारत फिरले, तर चालंल का?"