पातळ चीर

लोणारच्या बसस्टँडमागच्या छोट्या दुकानात त्या सकाळी बापलेकीचं नेहमीचं भांडण रंगलं होतं : पातं कोणतं लावायचं?

मेहबूबमियां अकीकाचे दगड कापत, अंगठ्यांचे खडे घडवत. त्यांची मुलगी फलक मलकापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, सुट्टीत घरी आलेली. दगड कापायची हिऱ्याची पाती मात्र तीच निवडायची, वाचून, विचारून, दहा ठिकाणी चौकशी करून. घरात दोघं उर्दू बोलत. दुकानाची पायरी चढली की जीभ आपोआप वऱ्हाडीवर येई.

शिकंज्यात आवळलेला गोटा नारळाहून मोठा होता. शेतातली विहीर खोल करताना तो पुंजाजी या शेतकऱ्याला सापडला होता.

"बीटी कपाशीनं पयले दोन साल घर भरलं, मेहबूबभाई," पुंजाजी म्हणाले होते. "मंग पऱ्हाटीचे पानं लाल पडाले लागले, अन् दोन्ही पोरं एकमेकाले दोष देऊ लागले. वावर वाटलं, बैल वाटले. विहीर तेवढी दोघाच्या मंधातल्या धुऱ्यावर राह्यली. तिच्यातला हा गोटा दोघाले सारखा कापून द्या. फुटला, तं पोरं म्हणतीन, बुढ्यानं हेही धड वाटलं नाही."

"सारखाच देतो," मेहबूबमियांनी शब्द दिला होता.

फलकने गोट्यावर नखाने टिचकी मारली, कान लावला. "आतून पोकळ आहे, अब्बा. स्फटिक असतीन. जाड पातं हादरे देते, सगळे तडकतीन. पातळ लावा."

"तुह्यं पातळ पातं म्हणजे पापड. जरा दाबलं का वाकते."

"मंग दाबता काऊन?"

"घ्या! आता मले शिकवून राह्यली!" ते हसले. "तू पातं निवड, बेटा. कापणं माहं काम."

हे वाक्य ती परकर घालायची तेव्हापासून ऐकत आली होती. त्यावरचं उत्तरही तेवढंच जुनं होतं, पण ते तिने कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं.

त्यांनी जाडच लावलं. तिसरा हिस्सा कापून झाला आणि लाईन गेली. त्यांनी गोटा मागे ओढला, हात पुसले. "उद्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बसले, ते उठलेच नाहीत.

अब्बांचा चाळिसावा झाल्यावर फलकने दुकानाचं शटर उचललं. पुंजाजींचा निरोप होता : शुक्रवारी दोन्ही पोरांना घेऊन येतो, होत नसेल तर गोटा तसाच द्या. तिने उलट निरोप धाडला, "होईल, काका."

उगीच नव्हता धाडला. तिला काम कळत होतं. तिने जाड पात्याच्या धारेवर नख फिरवलं. नख घसरलं. म्हणजे पातं मेलं होतं. हिऱ्याचे कण धातूखाली दबले होते. कडक दगडाला मऊ धातूचं पातं लागतं, हे ऐकून लोक चकित होतात. पण धातू मऊ असला तरच तो झिजतो, आणि झिजला तरच आतला नवा हिरा वर येतो. मेलेलं पातं जिवंत करायचं तर त्याला वीट खाऊ घालायची. अब्बांची रीतच होती ती : नवं असो, जुनं असो, दगडाआधी पात्याला विटेचा घास.

पातळ पातं भिंतीवर कोऱ्या कागदात, चिकटपट्टीसकट टांगलेलं होतं. ते आता बाद होतं. रुंद चिरेत पातळ पातं घातलं की डगमगतं, मग भरकटतं. अब्बांनी जाडाने सुरुवात केली. शेवटही जाडानेच करायचा. फलकने मनाशी पक्कं केलं, वीट काढून ठेवली. पण त्या दिवशी लाईन आलीच नाही. दुपारी कुलूप लावून ती घरी गेली.

सकाळी आली, तेव्हा चीर वाढली होती.

ती वाकून बघत राहिली. वरचा हिस्सा अब्बांनी कापला होता तसाच रुंद. त्याच्याखाली बरोबर मध्यावरून दुसरी चीर सुरू झाली होती, सरळ, बारीक, पोस्टकार्ड कसंबसं शिरेल एवढी. आसावर जाड पातं होतं तसंच होतं, नटावर गंज होता तसाच. असली चीर त्या पात्याची असूच शकत नव्हती.

कुलूप शाबूत होतं. किल्ली तिच्याकडे होती.

तिने भिंतीवरचं पातळ पातं काढलं. चिकटपट्टी उघडलेली नव्हती. तिने ती सोलली, कागद उलगडला. नव्या पात्याच्या धारेला असतो तो पिवळा रंग उडाला होता. हिऱ्याचे कण वर आले होते. आणि कडेला दगडाचं राखाडी पीठ होतं, अजून ओलं.

शेजारी अन्नपूर्णाबाईंचं शिवणाचं दुकान. त्या दारात आल्या. "काल दुपारी लय वेळ काम केलं व पोरी. जेवलीस तरी का?"

"मी दुपारीच घरी गेली, मावशी. अन् लाईन कुठी होती काल?"

"नव्हतीच ना! माहा पंखा बंद, घामानं जीव चालला होता." बाई थांबल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग फलककडे. "पण मशीन तं चालू होती बाप्पा. दाबे, अन् सोडे. दाबे, अन् सोडे. मेहबूबभाईवानीच."

त्या आपल्या दुकानात परत गेल्या.

शुक्रवार उजाडला. फलकने रडायचं घरी उरकलं होतं. इथे फक्त विचार करायचा होता, आणि तो सोपा होता. बारीक चिरेत जाड पातं घुसवलं तर नेमके पोकळीवर हादरे बसणार. आता पातळच हवं. चिरेच्या दोन्ही भिंती त्याला धरतील. कोणी का कापली असेना, चीर अगदी बरोबर होती.

तिने जाड पातं उतरवलं. पातळ बोटावर अडकवून खिळ्याने वाजवलं. खणखणीत. पात्यावरच्या बाणाची दिशा पाहून बसवलं, नट आवळला, पाण्याची धार सोडली.

लाईन होती. तिने बटण दाबलं. आधी वीट दिली, मग गोटा पुढे ढकलायचा दांडा हातात घेतला.

दांडा तिच्याआधी सरकला.

दाबला. सुटला. दाबला. सुटला. ती नुसती धरून होती.

पलीकडे पंख्याची घरघर मंदावत थांबली. शेजारचा रेडिओ बंद पडला. समोर बियाण्याच्या दुकानापुढच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, "गेली बे लाईन!"

पातं फिरत राहिलं.

रस्त्यावर पुंजाजींचा आवाज आला, आणि दोन तरुण आवाज, एकमेकांशी न बोलणारे.

बोटभर दगड उरला होता. त्याखाली पोकळी. आता हलका हात हवा, अगदी हलका. तिने दांडा आवरायचा प्रयत्न केला. तो आवरेना. तो दाबतच होता, जाड पात्याला दाबावं तसा. पात्याचा सूर चढला. कड थरथरू लागली.

वाकणार.

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. पाण्याबरोबर उडणारं राखाडी पीठ मनगटावर, बाहीवर, सगळीकडे बसलं होतं. फक्त हाताच्या पाठीवर चार पट्टे कोरडे होते. शेजारी शेजारी. बोटांएवढे.

फलकने श्वास घेतला.

"अब्बा, हात काढा," ती मोठ्याने म्हणाली. "पातं निवडाले नव्हती येत मी. मले कापायचं होतं. पयल्यापासून मलेच कापायचं होतं."

दांडा तिच्या हातात हलका झाला, पात्याचा सूर उतरला.

मग त्या कोरड्या पट्ट्यांवरही राखाडी पिठाचा एकेक शिंतोडा पडू लागला.