आप्पांच्या छताचं वय

"कोण हाय रं वर? खाली परीक्षा चालू हाय!"

हा आवाज आला तेव्हा मी छतावर गुडघे टेकून, कान छताला लावून बसले होते. हातात छोटी हातोडी. एक ठोका मारायचा, ऐकायचं, पुढे सरकायचं. भरीव असेल तिथे आवाज खणखणीत येतो, आतून सुटलेलं असेल तिथे बद्द. आणि ऐकायला बसले की मला मध्ये कोणी हाक मारलेली आवडत नाही.

"माझीपण परीक्षाच चालू आहे," मी मान न उचलता म्हणाले. "जरा गप्प बसता का?"

मागे पावलं वाजली आणि माझ्या नाकासमोर दोन चपला येऊन थांबल्या. मी वर पाहिलं. उंच, सावळा, खिशाला दोन पेनं, आणि रागवायला म्हणून आणलेला चेहरा हळूहळू कोड्यात पडत चाललेला.

"मला वाटलं, पोरं क्रिकेट खेळत्यात," तो म्हणाला. "तुम्ही... काय करताय?"

"छताचं वय बघतेय."

"कान लावून?"

"मग काय, जन्माचा दाखला मागू त्याच्याकडे?"

तो हसला. चांगला हसला, मान मागे टाकून. मला हातोडी कुठे ठेवू ते कळेना.

मग ओळख झाली. तो विक्रम गायकवाड. या मार्केटच्या वरच्या मजल्यावर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तेजश्री साळवे, पुण्याच्या एका सल्लागार इंजिनिअरकडे नोकरीला, राहायला दौंडच्या रेल्वे कॉलनीत.

"साळवे? मग जयभीम, मॅडम."

"जयभीम," मी म्हणाले आणि हातावरची धूळ झटकली. उगाचच केसही सारखे केले. ते त्याच्या लक्षात आलं, याचा मला राग आला.

काम तसं सरळ होतं. दोन हजार तीनचा उन्हाळा. शिरूरमध्ये मोबाईलचे टॉवर यायला लागले होते आणि कंपन्या सपाट छतं शोधत फिरत होत्या. मार्केटचे मालक मारुतराव हे कांद्याचे मोठे आडतदार. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. त्यांच्या छतावर टॉवर उभा करायचा तर कंपनीला आधी आमचा रिपोर्ट हवा होता: छताची अवस्था काय, आणि ते अजून किती वर्षं टिकेल. आप्पांना वीस वर्षं हवी होती. तसं त्यांनी मला पहिल्याच चहाला सांगून टाकलं होतं.

परीक्षा संपल्यावर विक्रमनं मला खाली नेलं, छताची आतली बाजू बघायला. क्लासचं दार त्यानं खांदा लावून उघडलं.

"हे दार नीट बसतच न्हाई. दोनदा सुताराकडनं वरनं रंधा मारून घेतला. लाकूड फुगतंय."

"एवढ्या उन्हाळ्यात?"

तो थांबला. "हां... उन्हाळ्यात कसं फुगंल?"

मी पिशवीतून दोरा काढला. एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं, आणि तुळईखाली ताणला. दाराचा काही दोष नव्हता. वरची तुळईच मधोमध वाकून दारावर टेकली होती. छताला ओलीचे जुने डाग होते, पोपडे निघालेले. त्याच्या खाली ओळीनं कॉम्प्युटर, त्यांच्यापुढे प्लास्टिकच्या खुर्च्या.

"वाईट हाय का?" दोऱ्याच्या त्या टोकाकडून प्रश्न आला.

"अजून सांगता येत नाही."

"तुमच्या तोंडावरनं तर..."

"माझं तोंड असंच आहे."

"असंच?" तो म्हणाला. "मग बरंय की."

मी दोरा गुंडाळायला घेतला. त्यानं त्याचं टोक जरा उशिरानंच सोडलं.

छत नेमकं कुठून गळतं ते शोधायला त्यावर मातीचे बांध घालून पाणी भरतात आणि दोन दिवस तसंच ठेवतात. पण त्या वर्षी दुष्काळ होता. टँकर आला की गल्लीत हंड्यांची भांडणं लागायची. मी छतावर पाणी भरायचं म्हटल्यावर आप्पांनी कपाळावर हात मारला. "बाई, लोकं मला दगडं मारतील!"

"मी आणतो पाणी," विक्रम म्हणाला. "उसनं."

"उसनं पाणी?" मला हसू आलं. "असं कोणी देतं का?"

"पोपटशेठचं गाड्या धुवायचं सेंटर हाय. त्यांच्या बोअरचं पाणी मचूळ, पिण्याजोगं न्हाईच. दोन दिवस छतावर ठिवू, मग पाइप लावून परत त्यांच्या हौदात सोडू. मी बोलतो त्यांच्याशी."

"एवढी धडपड कशाला? छत आप्पांचं आहे."

"छत आप्पांचंच," तो म्हणाला. "पण पाणी भरल्यावर दोन दिवस थांबावं लागंल ना तुम्हाला... बघायला?"

दौंडला परत जाताना बसमध्ये मी त्या "दोन दिवसां"चाच विचार करत होते. वाटेतलं न्हावरा गाव कधी गेलं ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर दुपारी यायचा होता. त्याआधी छताच्या पोटात काय आहे ते बघावं म्हणून मी एका कोपऱ्यात फूटभर चौकोन फोडायला लावला. गळती थांबवायला स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर देतात, त्याला कोबा म्हणतात. तो एक थर निघाला. त्याच्याखाली स्लॅब यायला हवा होता, पण दुसरा कोबा आला. त्याच्याखाली तिसरा. मग चौथा. हात कोपरापर्यंत खड्ड्यात गेला, तेव्हा कुठे बोटांना स्लॅब लागला. ओला होता. अशा उन्हाळ्यातसुद्धा.

आप्पा शेजारी अभिमानानं उभे होते. "गळालं की घातला थर! कवा हयगय केली न्हाई. किल्ला हाय, बाई, किल्ला!"

ज्या थरांवर त्यांचा एवढा जीव होता, त्यांनीच छताचा जीव घेतला होता. पाणी थरांमध्ये अडकून स्लॅबची सळई गंजवत होतं, आणि वरून नुसतं ओझं वाढत होतं. तुळई का वाकली ते आता स्पष्ट होतं. अशा छतावर पाणी भरायचं म्हणजे बुडत्या माणसाच्या डोक्यावर पाय देण्यासारखं.

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. विक्रम दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला, घामानं निथळलेला. "आणलं, मॅडम! पोपटशेठ तयारच होत न्हवते, पण..."

"पाणी चढवू नका," मी म्हणाले.

"का?"

मी त्याला खड्डा दाखवला आणि सगळं सांगितलं. तो खाली बसला आणि खड्ड्यात हात घालून एकेक थर चाचपला.

"आन् क्लास? दुसऱ्या बॅचची परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय. चाळीस पोरं हायत."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की दोन आठवडे गप्प बसावं. रिपोर्ट उशिरा टाइप झाला म्हणावं. एवढी वर्षं उभं राहिलं, अजून पंधरा दिवस राहील. त्याचा चेहरा पडलेला मला बघवत नव्हता. पण त्या प्लास्टिकच्या खुर्च्या डोळ्यासमोरून हलेनात.

"क्लास आजच रिकामा करा."

"आजच?"

"आजच. आत्ता."

"मॅडम, काल मी त्या माणसाच्या हातापाया पडलो पाण्यासाठी. छतासाठी न्हाई. तुमच्यासाठी."

"माहीत आहे मला!" माझा आवाज चिरकला. "म्हणूनच सांगतेय. तुम्हाला तिथे बसू देणार नाही मी."

आप्पा मध्ये आले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, कशाला आपल्याच माणसाच्या पोटावर पाय आणताय? वीस नगा लिवू, बारा लिवा. दहा लिवा. पोरगं बी खूश, मी बी खूश."

"हे ओझं उतरल्याशिवाय मी एकसुद्धा वर्ष लिहिणार नाही, आप्पा."

विक्रम खाली गेला. मी उतरले तेव्हा तो शिडीवर चढून क्लासची पाटी काढत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, घरी पोचल्यावर तोंड धुतलं आणि रिपोर्ट लिहिला. आहे या अवस्थेत छत धोक्याचं. सगळा कोबा काढून सळईची दुरुस्ती केली आणि पाण्याला उतार दिला, तर अंदाजे पंधरा वर्षं. खाली सही केली.

विक्रमचा फोन आला नाही. मी ऑफिसात फोन वाजला की मान वळवायची, आणि तो नेमका सिमेंटवाल्याचा असायचा. दोन आठवडे असेच गेले. शेवटी एका रविवारी मी बाबांशी बोलले आणि सोमवारी रजा टाकून शिरूरची बस धरली. तो रागावला असेल तर रागाचं तोंड बघेन, पण बघेन, असं ठरवूनच.

मार्केटच्या चौकात पोचले तर छिन्न्यांचा खणखणाट चालला होता. छतावरून राडारोडा धडाधड खाली येत होता. समोर खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून आप्पा बसले होते.

"या, इंजिनेरबाई. बघा, माझा किल्ला पाडत्यात!"

"तुम्ही तयार कसे झालात?"

"त्यो मास्तर! तुम्ही फोडलेला तुकडा पोत्यात घालून माझ्या आडतीत आला, आन् ठिवला कांद्याच्या काट्यावर. मग कॉम्प्युटरवर सगळ्या छताचा हिशेब काढून म्हणतोय, आप्पा, तुमच्या छतावर बारा ट्रक कांदा हुबा हाय." आप्पांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "बारा ट्रक, बाई! अवो, मी गोडाऊनच्या माळ्यावर पन्नास पिशव्या चढवू देत न्हाई. झोपच उडाली माझी."

"आणि क्लास?"

"आडतीच्या मागल्या खोलीत. कांद्याच्या वासात शिकत्यात पोरं. परीक्षा बी तिथंच झाली."

मी जिना चढले. विक्रम कामगारांबरोबर घमेली भरत होता. डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटच्या धुळीनं माखलेला. केस, भुवया, मिशी, सगळं पांढरं. मला बघून त्याच्या हातातलं घमेलं तिरपं झालं.

"फोन का नाही केलात?" मी विचारलं. म्हटलं तर भांडायलाच आले होते.

"पहिले दोन दिस राग होता. मग त्यो तुकडा काट्यावर ठिवला, आन्..." त्यानं घमेलं खाली ठेवलं. "त्याच्याखाली पोरं बसवत होतो मी, मॅडम. तुम्ही न्हाई म्हणाला न्हसता तर? म्हटलं, आता आधी हे ओझं उतरवायचं, मगच तुम्हाला तोंड दाखवायचं."

"मी बाबांना सांगून आले आहे."

"काय?"

"शिरूरला एक माणूस आहे म्हणून."

त्याच्या मागची एक छिन्नी थांबली. मग दुसरीही थांबली. कामगार घाम पुसायच्या निमित्तानं आमच्याकडे बघायला लागले.

"आन्... ते काय म्हणले?"

"म्हणाले, त्या माणसाला विचारलंस का? मी म्हणाले, नाही. म्हणाले, मग आधी त्याला विचारून ये." मी मागे हटणार नव्हते. "म्हणून आले. लग्न कराल माझ्याशी?"

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, केसांवरून हात फिरवला तशी धुळीची वावटळ उठली. "ह्या असल्या अवताराला इचारताय? पांढरे केस, पांढऱ्या मिशा..."

"म्हातारपणी कसे दिसाल ते बघून घेतलं," मी म्हणाले. "मला चालेल."

तो रुमाल काढून घाईघाईनं तोंड पुसायला लागला. मी त्याचा हात धरला.

"व्हय," विक्रम म्हणाला, धुळीत तसाच.