धवल्याची चौथी ओळ

धवला म्हणजे आगरी लग्नातले मंत्र, आणि ते गाणारी धवलारीण ही त्या लग्नाची पुरोहित. १९९६ च्या फेब्रुवारीत पेणच्या खाडीकाठी मी ठमाबाई धवलारणीकडे धवले टिपायला गेलो, तेव्हा त्यांचे अर्थ मला ठाऊक होते. स्वर कानाने ओळखून लिहायला मात्र मी नुकताच शिकत होतो. एकेक ओळ पुनःपुन्हा ऐकल्याविना षड्ज कुठे आहे, हेही मला उमगत नसे.

मिठागराच्या बांधावर माझे चष्म्याचे घर खिशातून निसटले. वाट दाखवायला पुढे चाललेल्या तरुणाने ते उचलून स्वतःच्या खिशात टाकले.

"रोह्याचे ना तुमी? पोचवीन."

मी हसलो. नाव विचारले, केरू म्हणाला. ठमाबाईंच्या दाराशी मी वळून पाहिले, तर तो नव्हता.

ठमाबाईंनी पानाला चुना लावत बजावले, "धवला रिकामा म्हनत नाय, मास्तर. नवरा-नवरीचं नाव लागतं. तुमच्या पेन्सिलीचं लगीन लावू काय?"

अशा वेळी अभ्यासकाने खोटी नावे द्यावीत. मला घाई होती. नवरी म्हणून मी माझ्या मुलीचे नाव सांगितले, अनिता. नवरा म्हणून जिभेवर होते ते, केरू.

तीन ओळी त्यांनी सात-सात वेळा म्हटल्या, मी लिहिल्या. तिसरी निषादावर लोंबकळत राहिली. चौथीसाठी मी पेन्सिल उचलली.

"हा केरू कोन पन?" त्यांनी सहज विचारले.

"मला बांधावरून घेऊन आला तो."

त्यांचा हात थांबला.

"त्याला हळद लागली व्हती... लगीन नाय लागलं. सकाली बांधाच्या उघाडीत, भरतीचं पानी घ्यायच्या दारात, बुडालेला गावला. पाच वर्सं झाली."

"मग गाणं इथेच सोडू."

"लावलेला धवला सोडत नाय... आन पुरा केला तर..." त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

बाहेर उधाणाचे पाणी बांधावर चढले होते. ओहोटीपर्यंत वाट नव्हती. आम्ही समोरासमोर बसून राहिलो. घराभोवतीच्या पाण्यात कोणी चिखल तुडवत फिरत होते, धवल्याच्याच लयीत. पहिली ओळ, दुसरी, तिसरी... मग खंड. पुन्हा पहिली. माझी पेन्सिल माझ्या मनाविरुद्ध मात्रा मांडत होती. साडेपाचला ती पावले एकाएकी थांबली.

रोह्याला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. अनिता तांदूळ निवडत गुणगुणत होती. त्या तीन ओळी माझ्या कानाने प्रथमच एका दमात ओळखल्या.

"हे... कोणी शिकवलं?"

"साडेपाचला तो मुलगा तुमचं चष्म्याचं घर देऊन गेला ना, बाबा! पार निथळत होता. म्हणाला, तीन ओळी झाल्यात, चौथी तू म्हण."

"मग... म्हटलीस?"

उत्तरादाखल ती गायली. चौथी ओळ निषादावरून अलगद षड्जावर आली आणि मिटली. ती मी कधीच ऐकली नव्हती, तिनेही नाही.

तिने तांदळातून हात वर काढला. तो मनगटापर्यंत ओल्या हळदीने माखलेला होता.