मेपलचा दोरा

सकाळी उठून पुढच्या पायऱ्यांवर मीठ टाकायचं, एवढंच काम मुलानं मला सांगून ठेवलं होतं. बाकीचं सगळं त्यानं लावून दिलेलं. फ्रीजमध्ये डब्यांवर डबे, हीटर आपोआप चालू-बंद होणारा, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅब्लेट उभा केलेला. फोन आला की मी नुसतं हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं. तुम्ही मघाशी विचारलंत ना, मागच्या दाराशी खुर्ची का ओढून ठेवलीय म्हणून... चहा घ्या, सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर संगमनेरकडं दुधाचा टेम्पो चालवला. जसं झालं तसं सांगेन.

मिलिंद, माझा मुलगा, इथं कनाटा गावात टेलिकॉमच्या कंपनीत आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. नाताळच्या सुट्टीत तो, सून चैत्राली आणि माझी नात ऊर्मी जावा बेटावर गेली, योग्याकार्ता नावाच्या जुन्या राजांच्या शहरात. मलाही चला म्हणत होती.

"अण्णा, एकटे काय करणार इथं?"

"गुडघे विमानात बसू देत नाहीत," मी म्हटलं.

खरं म्हणजे घर सोडवत नव्हतं. माझी बायको अरुणा आदल्या वर्षी पानगळीत गेली. तिची चप्पल अजून बेसमेंटच्या जिन्याशी होती. कुणी हलवली नव्हती, मीही नाही.

आणि मागच्या अंगणात तिचा दोरा होता. इथं वड कुठला? पहिल्या वटपौर्णिमेला चैत्राली म्हणाली होती, "आई, चित्राची पूजा करू या." तर अरुणा म्हणाली, "कागदाला फेरे मारले तर नवराही कागदाचाच मिळेल. झाड आहे की दारात." आणि तिनं मेपललाच सूत गुंडाळलं. मी हसून विचारलं, "पुढच्या जन्मी आपण या थंडीतच भेटलो तर?" म्हणाली, "भेटा तर खरं. स्वेटरचं मग बघू." तिनं शेवटचा बांधलेला दोरा तसाच होता. बर्फातून त्याचे पांढरे फेरे दिसायचे नाहीत, पण कुठं आहेत ते मला माहीत होतं.

तिथं रात्र असते तेव्हा इथं सकाळ. मी मीठ टाकून, हात धुऊन टेबलाशी बसलो की फोन यायचा. ऊर्मी टॅब्लेटमधून मला गाव दाखवायची, दिवसा रेकॉर्ड करून ठेवलेलं. एकदा शंकराचं उंच देऊळ दाखवलं, काळ्या दगडाचं, भिंतीभर रामायण कोरलेलं. मी इथूनच हात जोडले. एकदा राजवाडा. तिथले म्हातारे चाकर अनवाणी, कमरेला खंजीर लावून, मांडी घालून बसलेले. कुणी बोलत नाही, हलत नाही. मला ते आपलेसे वाटले. मीही इथं तसाच तर बसलेलो. एकदा पहाटेचं रेकॉर्ड केलेलं दाखवलं, धुरकटणारा ज्वालामुखी. त्यांचा ड्रायव्हर पाक वार्तो म्हणून होता. पाक म्हणजे तिकडं बाबा, काका, असं काहीतरी. तो सांगायचा, तो डोंगर, राजवाडा आणि दक्षिणेचा समुद्र एका सरळ रेषेत आहेत, आणि मधल्या मैदानातले दोन वडही त्याच रेषेवर.

"दोन वड?" मी विचारलं.

"हो आजोबा. दे आर ह्यूज. आजीला आवडले असते."

फोन बंद झाला की घर पुन्हा गप्प व्हायचं. हीटरचा श्वास तेवढा ऐकू यायचा. दिवसभरात मी बोललेली वाक्यं तेवढीच, सकाळची.

मग ती समुद्रावर गेली. त्याआधी वार्तोनं बजावलं होतं की त्या समुद्रावर हिरवं घालून जायचं नाही. त्या पाण्याची एक राणी आहे, हिरवं ल्यालेलं माणूस ती आपल्या चाकरीत ओढून घेते. मिलिंद हसला, पण चैत्रालीनं ऊर्मीचं हिरवं जॅकेट गाडीतच ठेवायला लावलं. ऊर्मीच्या मुठीत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

अरुणाची बांगडी होती ती. सवाष्ण गेली ती, हिरवा चुडा घालूनच गेली. त्यातली एक बांगडी हॉस्पिटलात आधीच हातातून निघाली होती, ती ऊर्मीनं आपल्या कंपासपेटीत जपून ठेवली होती. काचेला बारीक तडा गेलेला, त्यामुळं ती खणखणायची नाही, किण्ण असं बसकं वाजायची. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

त्या दिवशी फोन इथं पहाटेच आला, तिकडं सूर्य मावळत होता. मला पडद्यावर काळी वाळू दिसत होती. ऊर्मीनं फोन एका हातात धरलेला. दुसरा हात पुढं गेला, मूठ उघडली, आणि लाट आली.

"आजी वॉन्टेड द सी," ती म्हणाली.

खरं होतं ते. हरिहरेश्वरला एकदा नेलं होतं अरुणाला, तर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती.

मागून वार्तोचा आवाज आला. मग मिलिंदचा, जरा वैतागलेला. "काही नाही अण्णा, हा म्हणतोय जे दिलं ते दिलं. आता परत मागू नका म्हणे."

"नाही मागणार," मी म्हटलं. कोण मागणार होतं?

दुसऱ्या दिवशी इथली सकाळ फार वाईट उजाडली. खिडकीबाहेर करडा उजेड, बर्फ भुरभुरत होता, समोरचं घर दिसत नव्हतं. टॅब्लेट वाजला. तिकडं रात्रीचं मैदान, दिव्यांच्या रंगीत गाड्या, माणसांची गर्दी, आणि मध्ये ते दोन वड. पारंब्या छाटून गोल केलेले, दोन म्हातारे शेजारी शेजारी बसावेत तसे. तिथला खेळ असा की डोळे बांधून दोघांच्या मधून सरळ चालत जायचं. दिसायला सोपं, पण माणसं भलतीकडंच वळतात. जो पार होतो त्याची इच्छा पुरी होते.

मिलिंद डोळे बांधून चालला तर तो पार भजी विकणाऱ्याच्या गाडीवर. चैत्राली हसून हसून खाली बसली. "लग्नातही असाच चालत होता!"

मग ऊर्मी फोनजवळ आली. "आजोबा, तुम्ही पण करा ना. तुम्ही तिथून चाला, मी इथून. सेम टाइम. विश मागायची, पण सांगायची नाही."

"मी कुठं चालू ग? टेबलापासून सोफ्यापर्यंत?"

"हो! डोळे बांधा. चीटिंग नाही."

खुंटीला अरुणाचा लोकरी स्कार्फ होता. मी तो डोळ्यांवर बांधला. त्याला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास होता. टॅब्लेटमधून ऊर्मीचा आवाज आला, "रेडी?" मी म्हटलं, "रेडी." आणि मग तो विचार मनात आला. मी आणला नाही, आपोआप आला. वर्षभर मनात दुसरं काही नव्हतंच.

अरुणे, एकदा हात धर.

मी चालायला लागलो. टेबलाची कड हाताला लागली, मग सुटली. मग सोफा यायला हवा होता. तो आला नाही. म्हटलं, चुकलो वाटतं, आता पोरगी हसेल. पण तिचा आवाज येत नव्हता. हीटरचा आवाजही थांबला होता. लांबून दुसराच आवाज यायला लागला... येतोय, मागं सरतोय... येतोय, मागं सरतोय. हवा ऊबदार होती, ओलसर, खारट, आणि त्यात कुठल्यातरी पांढऱ्या फुलांचा दाट वास.

मग कुणीतरी माझा हात धरला.

किण्ण... असं वाजलं.

काय सांगू तुम्हाला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, स्कार्फ भिजला. वर्षभरात कुणी माझा हात धरला नव्हता हो. डॉक्टर नाडी बघतात तेवढंच. मी म्हटलं, "आलीस?"

 हात मला पुढं नेत राहिला. पायाखाली मऊ लागत होतं, सरकत होतं, वाळूसारखं. मी बोलत होतो. मिलिंदचं सांगितलं, चप्पल तिथंच आहे ते सांगितलं, स्वेटरचं विचारलं. ती काहीच बोलली नाही. आणि तिथं मला पहिल्यांदा कसंतरी झालं. अरुणा कधी गप्प चालली नाही. बाजारातून घरी येईपर्यंत तिचं तोंड चालू असायचं, मीच गप्प.

मी अंगठ्यानं तो हात चाचपला. अरुणाच्या अंगठ्यावर विळीची खूण होती, लग्नाआधीची, कडक गाठीसारखी. या हाताला खूण नव्हती. रेघाही नव्हत्या. साबणासारखा गुळगुळीत हात... आणि ओला. बांगडी अरुणाचीच होती. हात तिचा नव्हता.

"कोण...?" मी म्हटलं.

हाताची पकड घट्ट झाली. पाण्याचा आवाज अगदी पुढ्यात आला. मी मागं ओढायला लागलो, पण म्हाताऱ्या अंगात जोर किती? दोन पावलं आणखी गेलो असेन. आणि छातीला काहीतरी आडवं लागलं. बारीक. पतंगाचा मांजा गळ्याला लागतो तसं. मी पुढं जायला बघतो, ते रुततं. हात ओढतो, ते सोडत नाही. बरगड्या कापून निघतील असं वाटलं. मग पुढचा हात एकदम सुटला... आणि अशी थंडी अंगावर आली की श्वास आतल्या आत गोठला.

मी स्कार्फ ओढून काढला.

मी मागच्या अंगणात उभा होतो. नुसत्या मोज्यांवर, बर्फात. समोर कुंपणाचं फाटक सताड उघडं, आणि फाटकापलीकडं उतार, त्याखाली ते तळं, पावसाचं पाणी साठवायला केलेलं. वरचा बर्फ पातळ, मधोमध काळं पाणी उघडं. माझ्या छातीवरून अरुणाचा दोरा ताणलेला होता. मेपलच्या खोडापासून निघून, मला वेढा घालून, परत खोडापर्यंत. उन्हापावसानं कुजलेलं सूत ते, बोटानं तुटावं असं. तुटलं नव्हतं.

मागं माझ्याच पावलांचे ठसे होते, एकट्याचे. फाटकाच्या पुढं मात्र दुसरे होते. अनवाणी पायांचे, बारीक, तळ्याकडं गेलेले. त्या प्रत्येक खळग्यात बर्फाऐवजी काळी ओली वाळू होती.

मी दोरा अंगावरून सोडवला, परत खोडाला गुंडाळला. दात वाजत होते थंडीनं. घरात आलो तर सरकतं दार उघडंच. त्याच्या रुळात आडवी घालायची काठी बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली. मी ती काढली नव्हती. टॅब्लेटमधून मिलिंद ओरडत होता, "अण्णा! अण्णा, कुठं गेलात?"

"वॉशरूमला," मी म्हटलं. परमुलखात पोराला काय घाबरवायचं?

ऊर्मी पार झाली होती, अगदी सरळ. सगळे टाळ्या वाजवत होते. ती मात्र हसत नव्हती. फोन घेऊन बाजूला गेली, पडद्याला तोंड लावून हळूच म्हणाली, "आजोबा, हू वॉज दॅट? माझा फोन बाबाकडं होता, पण तो मलाच बघत होता. मी आत्ता रेकॉर्डिंग पाहिलं. तुम्ही हात असा पुढं धरून चालला होता. अँड द डोअर जस्ट ओपन्ड."

"तू काय मागितलं होतंस बाळा?"

"तुम्ही लोनली नसावं म्हणून."

तेव्हा मला त्या वार्तोचं बोलणं आठवलं. पोरीनं दिलं होतं. मी परत मागितलं. आणि पोरीनं पार जाऊन माझं मागणं आणखी पक्कं केलं. तिचा काय दोष? लेकरू ते.

सगळे परत आले, त्याला आता बरेच दिवस झाले. मिलिंदला मी काही सांगितलं नाही, नाहीतर तो मला घरात एकटं ठेवणार नाही, नोकरी सोडून बसेल. सकाळी सगळे आपापल्या कामाला, शाळेला जातात. घर गप्प होतं. मग मागच्या काचेवर वाजतं. किण्ण... जरा थांबून, पुन्हा. घाई नसते. अरुणा अशी वाट बघणारी नव्हती, तिनं दारातूनच हाक मारली असती, "अहो, झोपलात की काय?" तो तिचा हात नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

पण हात आहे. म्हणून खुर्ची दाराजवळ ओढली आहे. रुळातली काठी मी रोज संध्याकाळी तपासून घालतो. सकाळी ती माझ्या खुर्चीला टेकवून ठेवलेली असते, ओली.

मेपलकडं मी इथूनच बघतो. दर दोन-चार दिवसांनी दोऱ्याचा एक फेरा कमी झालेला असतो. मी स्वतः जाऊन नवं सूत गुंडाळून पाहिलं, सकाळी ते खाली बर्फात पडलेलं. माझ्या हातचं चालत नाही. तिचा एकच फेरा उरलाय आता... आणि वटपौर्णिमा अजून लांब आहे.