शिऱ्याची वाटी आणि गप्प पेशी

वाटीभर शिरा शाल्मलीच्या पोटात गेला, तास उलटला, पण तिच्या रक्तातली साखर काही चढेना. त्याहून नवल म्हणजे, ती आवरण्यासाठी दंडात बसवलेल्या नव्या पेशी ढिम्म होत्या. मग साखर आवरली कोणी?

"पेशींनी बनवलेलं इन्सुलिन शून्य," टिपणीस म्हणाला. टिपणीस हा प्रयोगशाळेतला यंत्रमानव. नोंदी चोख आणि जीभ सडेतोड. "पेशी निकामी. त्यांची पिशवी दंडातून काढून टाकावी."

शाल्मलीने दंडावर घट्ट हात ठेवला. ती पाच वर्षांची असताना तिच्या शरीराने स्वादुपिंडातल्या (जठरामागची ग्रंथी) इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकल्या होत्या. तेव्हापासून सहा वर्षं रोज सुया, घासन् घास मोजून खाणं. आता तिच्या आजोबांनी, म्हणजे डॉक्टर नानांनी, मूलपेशींपासून (कुठलंही काम शिकू शकणाऱ्या कोवळ्या पेशी) तशाच पेशी वाढवल्या आणि इवल्याशा जाळीदार पिशवीत भरल्या. जाळी मच्छरदाणीसारखी. साखर आत येई, इन्सुलिन बाहेर जाई, हल्लेखोर पेशींना मात्र मज्जाव. आणि हीच पिशवी काढायची?

नाना विचारात पडले. "इन्सुलिन ही शरीराच्या पेशींचं दार उघडणारी किल्ली. दार उघडलं, म्हणूनच साखर रक्तातून आत गेली. पण किल्ली आली कुठून?"

शाल्मलीचा हात खिशातल्या इन्सुलिनच्या पेनाला लागला आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"नाना, रागावू नका हं. हात धुवायला गेले ना, तेव्हा मी इंजेक्शन घेतलं. सवयीनं! खायच्या आधी घ्यायचंच असतं ना?"

नाना पोट धरून हसले. "अगं वेडाबाई, साखर वाढायच्या आत तूच तिचा बंदोबस्त केलास! या पेशी आधी साखर जोखतात, मग लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतात. आज कामच नव्हतं, म्हणून गप्प बसल्या. उद्या पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशी पेन नानांच्या कपाटात राहिलं. शिरा खाल्ल्यावर साखर चढू लागली. एकशे चाळीस, एकशे साठ, एकशे सत्तर... शाल्मलीने डोळे गच्च मिटले.

"उतरतेय," टिपणीस म्हणाला. "इन्सुलिन पेशींचंच. कालचा शेरा मागे घेतो."

"नाना, सुया आता कायमच्या बंद?"

"एवढ्यात नाही गं. वर्षभर नजर ठेवू. पण तुझ्यामागे कितीतरी मुलं वाट बघताहेत. त्यांना आता आपण चांगली बातमी सांगू."

शाल्मलीचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तिने वाटी पुढे केली.

"नाना, अजून एक चमचा. न मोजता!"