ट्रेलरचं पुढचं वजन

उद्या तुम्ही दोघं पहिल्यांदाच चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, गाडीमागे ओढणार आहात, म्हणून सांगतोय. शेकोटीत अजून एक लाकूड सारा, आणि मध्ये हसू नका. ड्वाइट हॅल्वर्सन आमच्या ओहायोतलाच, माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याला खोटं बोलणं जमायचंच नाही.

नोव्हेंबर नुकताच लागला होता. शनिवार, हिवाळ्यासाठी रात्री झोपताना घड्याळं तासभर मागे करायची असतात ना, तोच. दुपारी ड्वाइट पिकअप घेऊन चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला गेला. गाडीत त्याच्या बायकोचं, मार्लिसचं सामान होतं, देऊन टाकायला. बिडाचे तवे, लोखंडी शिवणयंत्र, पाकातल्या पीचच्या बरण्यांची खोकी. सगळं तिने स्वतःच्या हाताने ट्रेलरच्या पुढच्या पलंगाखाली रचलेलं.

"तवे तरी ठेव रे," टेबलामागची बाई म्हणाली. "रांधणार कशात?"

"डब्यातलं खाईन," ड्वाइट म्हणाला आणि निघाला.

दोन हिवाळे त्या दोघांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि ताटं मांडीवर. थंडी पडायच्या आत दक्षिणेला उतरायचं, टेक्सस, न्यू मेक्सिको, मग डोंगर ओलांडून थेट सॅन डिएगोचा समुद्र. मार्लिसने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मार्चमध्ये ती गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. दफनाला आलेले लोक ड्वाइटचा हात हातात घेत होते आणि तो त्यांना टायरमध्ये हवा किती असावी ते सांगत होता. माणूस निष्ठुर नव्हता. बधिर झाला होता. दात काढण्याआधी सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा.

संध्याकाळी त्याची मुलगी कार्ला सूप घेऊन आली.

"बाबा, एकटे ओढणार हे धूड? डोंगरातून?"

"बुकिंग झालंय."

"मग रद्द करा! आईच नाही, तर तो समुद्र काय चाटायचाय?"

"बुकिंग झालंय ना."

कार्लाचे डोळे भरून आले. "एकदा रडा तरी हो. माझ्यासमोर नको तर माझ्यामागे रडा."

ड्वाइटने सूप संपवलं. त्यात मीठ होतं की नव्हतं, तेही त्याला कळलं नाही.

आता नीट ऐका. ट्रेलरचं ओझं चाकांच्या पुढे लागतं. गाडीला अडकवायच्या जोडावर दाब हवा. पुढचं हलकं झालं की उतारावर ट्रेलर मागून डुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीला घेऊन दरीत जातो. आणि ड्वाइटने पुढचं सगळं काढून मागे जनरेटर आणि पाण्याचे कॅन भरले होते. आयुष्यभर ट्रकचे ब्रेक दुरुस्त केलेला माणूस हा! त्याला हे माहीत नव्हतं? होतं. पण माहीत असलेलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

लांबच्या प्रवासाआधी एक रात्र आपल्याच अंगणात ट्रेलरमध्ये झोपून बघायचं असतं. काय राहिलं ते तेव्हाच कळतं. ड्वाइटने पिकअपला जोडलेल्या ट्रेलरमध्ये अंथरूण घातलं, मागच्या बाकावर. पुढचा पलंग दोघांचा होता. तिकडे तो गेला नाही.

त्या रात्री दोन वाजता घड्याळ परत एकवर येतं, म्हणून एक ते दोन हा तास दोनदा येतो. पहिल्यांदा आला तेव्हा काही झालं नाही. तो जागाच होता, छताकडे बघत.

दुसऱ्यांदा एक वाजला.

ट्रेलर हलला.

वारा नव्हता. पायरीवर कुणी पाय ठेवला की ट्रेलर जसा एका अंगाला कलतो, तसा कलला... आणि सरळ झाला. दार उघडल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

मग ट्रेलरची जमीन दबली. त्याच्या उशाजवळ.

एक पाऊल... दुसरं... पुढच्या बाजूला.

ड्वाइटने डोळे मिटले नाहीत. अंधारात दिसण्यासारखं काही नव्हतं. नुसता हेलकावा. पाऊल पडलं की हेलकावा. मग पलंगाची स्प्रिंग करकरली. ट्रेलरचं नाक खाली गेलं. हळूच.

हाक मारावी असं त्याला वाटलं. तोंड उघडलं. नाव आलं नाही.





उजाडायच्या आधीच तो उठला. पुढच्या पलंगावर चादर सपाट, एक सुरकुती नाही. खाली उतरून बॅटरी मारली. पिकअपची मागची बाजू चांगलीच दबली होती. ट्रेलरच्या पुढच्या भागात तर काहीच नव्हतं! स्प्रिंगा गेल्या असतील, असं स्वतःशी म्हणून त्याने गाडी काढली आणि वजन करायला हमरस्त्यावरच्या ट्रकथांब्यावर गेला. तिथे काट्यावर गाडी उभी करायची, खिडकीतून हात काढून खांबावरचं बटण दाबायचं आणि बोलायचं. ऑफिसातली बाई स्पीकरवरून पुढचं-मागचं वजन वेगवेगळं सांगते.

"राजा, आकडा थांबत नाहीये," ती म्हणाली. "मागे कोण फिरतंय? बसायला सांग."

"मागे कोणी नाही."

"सकाळी सकाळी थट्टा नको रे. इथे दिसतंय मला. पुढे... मागे... परत पुढे."

ड्वाइट उतरला. ट्रेलरचं दार उघडलं, दिवा लावला. कोणी नव्हतं. दार लावून तो परत आला आणि बटण दाबलं.

"अजून चालतंय कुणीतरी," बाई म्हणाली.

ड्वाइटने बटणावरचा हात तसाच ठेवला. मग मागच्या काचेकडे मान वळवली.

"मार्लिस," तो म्हणाला. मार्चपासून पहिल्यांदा. "बस गं आता. निघायचंय आपल्याला."

स्पीकर खरखरला...

"हां. बसले एकदाचे. पुढच्या बाजूला ना? बरं झालं, पुढचं वजन आत्ता कुठे बरोबर आलं."

तेव्हा ड्वाइटचा बांध फुटला. स्टीअरिंगवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला, आठ महिन्यांचं सगळं. एक हात बटणावर तसाच राहिला होता, त्यामुळे आत बाईला सगळं ऐकू गेलं.  मागच्या ट्रकने भोंगा वाजवला तेव्हा तिचा आवाज आला, अगदी हलका.

"सावकाश जा हं दोघं."