‘टिटवी’च्या वहीतली खोडलेली ओळ

“तुला गर्लफ्रेंड आहे का रे?”

आश्लेषाने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारलं, की बघणाऱ्याला वाटावं, ही लाइफ जॅकेटच्या बकलबद्दल काहीतरी शंका विचारतेय. पैजच तशी होती. घरून, रेडमंडहून, निघायच्या आदल्या दिवशी मोना आणि आन्या या मैत्रिणींनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं — अलास्कात जो पहिला बरा मुलगा दिसेल, त्याला हा प्रश्न विचारायचा. मराठीत चालेल. पण हसायचं नाही. हसलीस तर हरलीस!

आणि समोरचा मुलगा बरा होता. म्हणजे… बराच बरा होता. नारिंगी रेनकोटची टोपी कपाळापर्यंत ओढलेली, डोळे हिरवट, आणि नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब — पडू की नको, पडू की नको करत लटकलेला.

त्याने तिच्या जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला, बकल टक्‌कन लावलं आणि म्हणाला, “नाही. आई म्हणते, आधी स्वतःची खोली आवर, मग बाकीचं बघू.”

आश्लेषाचं तोंड उघडं ते उघडंच.

“तू… तुला मराठी येतं?”

“मराठीत बोलणी खाऊन मोठा झालोय.” तो हसला आणि तो थेंब एकदाचा पडला. “अनीश. अनीश हॅन्सन. ती बोटीवरून ‘अरे गधड्या, दोर आधी गुंडाळ’ असं ओरडतेय ना? ती माझी आई.”

‘टिटवी’ या बोटीच्या कॅप्टन पद्मिनी मावशी मराठी आहेत, हे आश्लेषाला ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी त्या रेडमंडला कोड लिहायच्या. सुट्टीसाठी म्हणून इथे सिटकाला आल्या, इथल्याच एका मासेमाऱ्याशी लग्न करून राहिल्या, आणि आता दोन शिडांच्या बोटीतून एकेका कुटुंबाला सहा दिवस बेटाबेटांतून फिरवून आणत. हे सगळं बाबांच्या सफरीच्या एक्सेल शीटमध्ये होतं. हा हिरव्या डोळ्यांचा प्राणी मात्र त्यात कुठेच नव्हता!

शीटमध्ये इतर प्राणी होते. “मंगळवार, साडेदहा : देवमासे,” बाबांनी डेकवर पाऊल ठेवता ठेवता वाचून दाखवलं.

“शंतनू, देवमाशांना तुमचं कॅलेंडर इनव्हाइट पोचलंय ना?” मावशींनी सुकाणूवरून विचारलं, आणि आई इतकी हसली, की तिच्या हातातला चिवड्याचा डबा हेलकावला.

मंगळवारी साडेदहाला देवमासे आले नाहीत. बाकी सगळे आले. समुद्री पाणमांजरं आली — पाठीवर निवांत पडलेली, वाहून जाऊ नये म्हणून पाणवेली अंगाभोवती गुंडाळून घेतलेली. पफिन आले — नारिंगी चोच, काळं जाकीट आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे तुरे. “अगं बाई, हा तर थेट हळदीच्या कार्यक्रमातून उठून आलाय!” आई म्हणाली. आणि एका काळ्या खडकावर दोनेकशे समुद्रसिंह एकमेकांवर ओरडत होते, थेट मंडळाच्या गणपती मीटिंगसारखे.

आश्लेषाही ओरडत होती. वर्षभरापूर्वीपर्यंत वर्गात हात वर करताना तिचे कान लाल व्हायचे. मग डिबेट टीम आली, पहिलं बक्षीस आलं, आणि तेव्हापासून तिच्या आवाजाला झाकणच उरलं नव्हतं. “ते बघ! ते काय? अनीश, ते, ते, ते!”

“ते लाकूड आहे.”

“खात्री आहे?”

“मघाचं तेच लाकूड आहे. आपण वळून परत आलोय.”

‘टिटवी’वर प्रत्येकाला रोज एक तास पहारा असे. दुर्बीण घेऊन नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभं राहायचं, आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. निळ्या कापडी पुठ्ठ्याची ती जाडजूड वही अनीश जिवापाड जपायचा. सफर संपली की त्यातल्या नोंदी सिटकाच्या संशोधकांकडे जायच्या.

“नियम दोन,” त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. “पाहिलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते नाही. आणि चुकलं तर खोडरबर नाही. ओळीवर एक आडवी रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं आणि खाली सही.”

“बाप रे! आमच्या प्रिन्सिपलपेक्षा कडक.”

“समुद्र त्याहून कडक असतो,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच लाजला. “हे… आईचं वाक्य आहे.”

देवमाशांच्या शेपटीच्या खालच्या बाजूला पांढरे-काळे ठसे असतात. प्रत्येकाचे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. संशोधकांकडे त्यांना नंबर होते, पण ‘टिटवी’वर त्यांना मावशींनी ठेवलेली घरची नावं होती. कुरडई. शंकरपाळा. आणि शेपटीवर गोल गोल पांढरं वेटोळं असलेली चकली.

“नऊ वर्षं झाली. दर जूनमध्ये हवाईहून पोहत इथे येते,” अनीश म्हणाला. “मी आठ वर्षांचा होतो पहिल्यांदा पाहिली तेव्हा. या वर्षी कुरडई आली, शंकरपाळा आला, पण…”

“जून संपला कुठे अजून?”

“चार दिवस उरलेत.” तो हे सहज म्हणाल्यासारखं म्हणाला. पण नंतर कितीतरी वेळ पाण्याकडेच बघत राहिला… आणि आश्लेषा त्याच्याकडे.

तिसऱ्या दिवशी तिच्या पहाऱ्यात धुकं उतरलं. शिडं ओली, हवा ओली, पापण्यासुद्धा ओल्या. आणि अचानक दूर, फार दूर, एक काळी शेपटी वर आली. क्षणभर थांबली. गेली.

काळी शेपटी. एवढंच. खालची बाजू दिसलीच नव्हती.

पण मागून अनीशचे बूट धावत येत होते, आणि त्या धावण्यात इतकी आशा होती, की तिच्या तोंडून निघूनच गेलं — “चकली!”

“काय?… नक्की?”

“हो ना! गोल गोल पांढरं. मी पाहिलं.”

आणि मग त्याचा चेहरा! आधी त्याला खरंच वाटेना. मग वाटलं. मग तो डेकवर अक्षरशः नाचला. मावशींनी सुकाणू बाबांच्या हातात कोंबलं आणि येऊन आश्लेषाला घट्ट मिठी मारली. दुपारी शिरा झाला. वहीत ओळ पडली — ‘चकली. पाहणारी : आश्लेषा.’

संध्याकाळी इंजिन बंद होतं, शिडं भरली होती, आणि इथला सूर्य काही मावळायचं नाव घेत नव्हता. दोघं नाळेवर पाय सोडून बसली. अनीश तिला गाठ शिकवत होता. तिसऱ्यांदा गाठ सुटली.

“मुद्दाम सोडतेयस.”

“शक्य आहे,” ती म्हणाली. “तू परत दाखवतोस ना, म्हणून.”

दोरावर दोघांची बोटं शेजारी शेजारी होती. कुणीच हलवली नाहीत. मग तो हळूच म्हणाला, “तुला माहितेय? ते संशोधक या महिन्याच्या शेवटी चकलीचं नाव हरवलेल्यांच्या यादीत टाकणार होते. आता नाही टाकणार. उद्या गावाजवळ नेटवर्क आलं की नोंद पाठवतो.” तो थांबला. “तुझ्यामुळे, आशू.”

आशू! किती गोड लागायला हवं होतं ते. पण तिने दोरावरची बोटं मागे घेतली.

आता काय करू? गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? पण एक देवमाशीण कुठेतरी खरंच हरवली असेल, आणि तिला शोधणारी माणसं ‘सापडली’ म्हणून निवांत बसतील… आणि तो माझ्याकडे असंच बघत राहील. मी जी नाहीच, त्या मुलीकडे.

सकाळी तो गावाच्या दिशेने फोन उंच धरून रेंज शोधत होता, तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

“पाठवू नकोस.”

“का?”

“मी चकली नाही पाहिली. एक शेपटी पाहिली. नुसती काळी. बाकी… बाकी मी बनवलं.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फोन खिशात ठेवला, आत गेला आणि वही-पेन आणून तिच्यापुढे धरलं.

“नियम माहितेय तुला.”

तिने रेघ मारली. मग ‘कारण’पाशी पेन अडलं. धुकं होतं, असं लिहिता आलं असतं. घाईत चूक झाली, असंही. दोन्ही अर्धवट खरं होतं. आणि अर्धवट खऱ्याने कालपासून तिचा जीव नको केला होता. तिने एक मोठ्ठा श्वास घेतला आणि लिहिलं —

‘चकली पाहिली नाही. अनीशला हसताना पाहायचं होतं. — आश्लेषा.’

त्याने वही घेतली, वाचली, मिटली आणि निघून गेला.

जेवताना बाबा म्हणाले, “मग, आपल्या चकलीची नोंद गेली का?”

आश्लेषाने चमचा खाली ठेवला. “नाही गेली. मी खोटं बोलले होते.”

“खोटं? अगं, पण कशासाठी?” आई म्हणाली.

“कारण… कारण वहीत लिहिलंय.”

बाबांचा हात वहीकडे गेला. तो पोचण्याआधीच मावशींनी ती उचलून शेल्फवर ठेवली. “वही बोटीची आहे, शंतनू. भात घ्या.”

तो दिवस नुसता करडा होता. गरुड दिसले, आश्लेषा ओरडली नाही. पाणमांजराचं पिल्लू आईच्या पोटावर झोपलेलं दिसलं, तरी ओरडली नाही. दुसऱ्या दिवशीच्या पहाऱ्याला ती एकटीच दुर्बीण डोळ्यांना लावून उभी होती, तेव्हा शेजारी कुणीतरी येऊन टेकलं.

“काय दिसतंय?”

तिने दुर्बीण खाली केली नाही. “धुकं.”

“आणि?”

“एक रागावलेला मुलगा.”

“एवढ्या धुक्यात? खात्रीने सांगू शकशील?”

आता तिने दुर्बीण खाली केली. तो हसत नव्हता. पण ओठांचा एक कोपरा… डळमळीत होता.

“रागावलो होतो,” तो म्हणाला. “मग ती ओळ परत वाचली. सात वेळा. या वहीत नऊ वर्षांत कुणी इतकं खरं कारण लिहिलेलं नाही, आशू. लोक लिहितात, ‘लाट आली.’”

“सॉरी. खरंच सॉरी. चकलीसाठीसुद्धा.”

“ती येईल, नाही येईल… मी बघत राहणार.” तो जरा थांबला, कानापर्यंत लाल झाला. “मलाही तुला हसताना पाहायचं असतं. पण त्यासाठी मी अख्खा देवमासा नसता बनवला. फार तर एखादा पफिन.”

ती हसली. खळखळून, सगळ्या बेटांना ऐकू जाईल अशी. एक पफिन दचकून पाण्यातून उडालासुद्धा.

“हा खरा होता!” ती ओरडली. “लिही, लिही!”

चकली काही दिसली नाही. सहाव्या दिवशी दुपारी ‘टिटवी’ सिटकाच्या धक्क्याला लागली. सामान उतरत होतं. बाबा फोनवर पुढच्या वर्षाची शीट उघडून बसले होते. “आशू, तुझं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन झालं की लगेच संजयकाकांच्या ऑफिसात इंटर्नशिप. त्यांच्याशी बोलून ठेवलंय मी.”

आश्लेषाने धक्क्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि डिबेटला उभी राहते तशी पाय रोवून उभी राहिली.

“आई, बाबा, दोन मिनिटं. आधी पूर्ण ऐका, मग ओरडा. पुढच्या जूनला मी संजयकाकांकडे जाणार नाहीये. इथे येणार आहे, आठ आठवडे. डेक घासायला, पहारा द्यायला, नोंदी ठेवायला. मावशींना विचारलंय मी. त्या म्हणाल्या, आईबाबांना स्पष्ट सांगून येणार असशील तरच ये.”

बाबांचं बोट स्क्रीनवर तसंच थांबलं. “देवमाशांसाठी एवढं?”

“निम्मं देवमाशांसाठी.”

“आणि उरलेलं निम्मं?” आईने विचारलं, अगदी हळू.

“उरलेलं निम्मं तिकडे आपल्या बॅगा उतरवतंय, आई. मला अनीश आवडतो. खूप आवडतो. आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाहीये, हे माझं ठरलंय.”